काळी चार आणि चारची कॉर्ड : गिटारवर आकड्यांनी वाजवायला शिकताना

खानापूर तालुक्यातलं एक गाव, गणपतीतला कार्यक्रम. गिटार हातात येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि भजनी मंडळाच्या मागं बसायची ती पहिलीच वेळ. बुवांनी मान वळवून सांगितलं, "काळी चार." आदल्याच आठवड्यात मी कॉर्ड (एकदम वाजणारे तीन स्वर) आकड्यांनी वाजवायचा प्रकार वाचला होता आणि तो डोक्यात ताजा होता. चार म्हणजे चौथी कॉर्ड, जीपासून मोजली तर सी. मी दणकून सी वाजवली. पेटीतून निघाला जी शार्पचा सा. मांडवात मागं गप्पा मारत बसलेल्या बायकासुद्धा गप्प झाल्या. बुवा म्हणाले, "काय वाजवायलास रे? काळी चार म्हटलं की मी!"

गाण्याबजावण्यात 'चार' हा शब्द आपण फार कामांना जुंपलाय. पेटीवाल्याची काळी चार ही पट्टी, म्हणजे सा कुठं धरायचा ते. गिटारवाल्याचा चौथा फ्रेट (गिटारच्या गळ्यावरचा चौथा कप्पा), चौथी तार, शिवाय चौथं बोट म्हणजे करंगळी. तबलजी "एक, दोन, तीन, चार" म्हणतो तो लय द्यायला. आणि ४ची कॉर्ड या सगळ्यांहून निराळी. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागात गिटार शिकणारं पोरगं आज ना उद्या पेटीशेजारी बसतंच. म्हणून पुढचं सगळं मी पेटी समोर धरूनच लिहिलंय.

आकडा कशाचा?

कॉर्डचं नाव सांगतं की बोटं कुठं ठेवायची. आकडा सांगतो की ती कॉर्ड गाण्यात कोणतं काम करते. जी हीच कॉर्ड घ्या. जीच्या पट्टीत ती १, म्हणजे घर. सीच्या पट्टीत ती ५, घराकडं ओढणारी. डीच्या पट्टीत ४, घरातून जरा बाहेर पडलेली. बोटांचा आकार तोच, काम दर वेळी वेगळं.

हे अवघड वाटत असेल तर सरगम आठवा. सा काळी एकला धरा नाहीतर पांढरी पाचला, म हा त्या साचा म असतो. आकड्यांची पद्धत एवढीच आहे : सा १, रे २, ग ३, म ४, प ५, ध ६, नी ७. ज्याच्या गळ्यात सरगम आहे त्याला ही पद्धत निम्मी येतेच. पण गिटारच्या शिकवणीत "सी, एफ, जी पाठ करा" एवढंच सांगतात आणि सरगम दाराबाहेर चपलांजवळ राहते. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीची.

पाश्चात्त्य संगीतात कॉर्डना रोमन आकडे लावायची रीत जुनीच आहे. आज गिटारवाले वापरतात ती सुटसुटीत पद्धत अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, स्टुडिओतल्या घाईतून आली. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी आपल्या मंडळींच्या आवाजांसाठी आकडे लिहायला सुरुवात केली, पुढं चार्ली मॅकॉय यांनी ते वादकांमध्ये रुजवले. अडचण आपल्याकडचीच होती. गायक आयत्या वेळी म्हणणार, "अर्धा सूर खाली घ्या," आणि अक्षरांनी भरलेली वही त्या क्षणी रद्दी.

सात स्वर, सात कॉर्ड

सगळे शुद्ध स्वर घ्या. आपला बिलावल थाट, त्यांची मेजर स्केल. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला सा धरला तर रे पाचव्यावर, ग सातव्यावर, म आठव्यावर, प दहाव्यावर, ध बाराव्यावर, नी चौदाव्यावर आणि वरचा सा पंधराव्यावर येतो. ग-म आणि नी-सा एकमेकांना चिकटून आहेत, बाकी प्रत्येक जोडीत एक फ्रेट मोकळा. एकदा हे हातानं वाजवून बघाच. नुसतं वाचून ते बोटांत उतरत नाही.

आता कुठल्याही स्वरापासून एक सोडून एक असे तीन स्वर उचला. झाली कॉर्ड.

१ : सा ग प, मेजर
२ : रे म ध, मायनर
३ : ग प नी, मायनर
४ : म ध सा, मेजर
५ : प नी रे, मेजर
६ : ध सा ग, मायनर
७ : नी रे म, डिमिनिश्ड

मेजर की मायनर हे पहिल्या दोन स्वरांतल्या अंतरावर ठरतं. सा ते ग चार फ्रेट, म्हणून मेजर. रे ते म तीनच, म्हणून मायनर. सातवी जरा तुटकी वाजते, कारण बाकी सहा कॉर्डमध्ये पहिला आणि शेवटचा स्वर सात फ्रेट लांब असतात, इथं सहाच. भजन-भावगीताच्या साथीत मला ती क्वचितच लागली. तूर्त सोडून द्या.

गिटारवर उघड्या तारांनी सोप्या पडणाऱ्या पाच पट्ट्या आहेत. १ ते ६ या क्रमानं त्यांच्या कॉर्ड अशा :

जी : जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर
सी : सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर
डी : डी, ई मायनर, एफ शार्प मायनर, जी, ए, बी मायनर
ए : ए, बी मायनर, सी शार्प मायनर, डी, ई, एफ शार्प मायनर
ई : ई, एफ शार्प मायनर, जी शार्प मायनर, ए, बी, सी शार्प मायनर

पाचही एकदम पाठ करू नका, कंटाळून सोडाल. पहिला आठवडा फक्त जी, आणि त्यातही फक्त १, ४, ५. एकच अट : कॉर्ड बदलताना तोंडानं आकडा म्हणायचा, अक्षर नाही. "एक, चार, पाच, एक." माझ्याकडं येणारी एक मुलगी कन्नड माध्यमात शिकते, पाढे तिनं कन्नडमधून पाठ केलेत. ती वाजवताना "ओंदु, नाल्कु, ऐदु, ओंदु" म्हणते. चालतंय की. आकडा तोंडात आला पाहिजे, तो कुठल्या भाषेत हे तिचं तिनं ठरवावं. दुसऱ्या आठवड्यात ६- घाला (आकड्यापुढची रेघ म्हणजे मायनर), म्हणजे जीच्या पट्टीत ई मायनर. मग तोच क्रम, तेच आकडे म्हणत, डीच्या पट्टीत. इथं पहिल्यांदा गंमत कळते : तोंड तेच बोलतंय आणि हात दुसरीकडं चाललाय. दोन-तीन दिवस डोकं भणभणेल. ते भणभणणं म्हणजेच शिकणं, तिथं थांबू नका.

पट्टी विचारून घ्या

पेटीवाले सूर सांगतात तो असा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. गिटारच्या खोक्याच्या आतल्या झाकणाला हे एका कागदावर लिहून चिकटवा. माझ्या खोक्यात तो कागद अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

आपल्याकडचे गायक काळ्यांवर फार. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या. भजनी मंडळं मात्र पट्टी चढीच ठेवतात. आणि गिटारच्या उघड्या कॉर्ड सगळ्या पांढऱ्यांवर. इथं कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. काळी म्हणजे शेजारच्या पांढरीपेक्षा एक फ्रेट वर, एवढं लक्षात ठेवलं की झालं. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा. आता सीचा आकार धरला की काळी एक वाजते, डीचा धरला की काळी दोन, जीचा धरला की काळी चार, एचा धरला की काळी पाच. चार काळ्या एकाच जागी सुटल्या.

हट्टी राहते ती काळी तीन. तिच्या खालची पांढरी म्हणजे एफ, आणि एफचा आकार उघडा नाही. तिथं कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून ईचे आकार धरा, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून डीचे. मी दुसरा मार्ग घेतो. कारण ईच्या पट्टीत ५ म्हणजे बी येते आणि त्या बारनं (एक बोट आडवं ठेवून तारा दाबायच्या आकारानं) करंगळी दुखते. कुणी बी सेवन वाजवून वेळ मारून नेतात, त्यात काही पाप नाही. पांढरी चारलाही हेच : कॅपो पहिल्यावर आणि ईचे आकार, किंवा तिसऱ्यावर आणि डीचे.

कॅपो लावल्यावर कॉर्डची खरी नावं बदलतात आणि नवशिक्या तिथं गोंधळतो. "हा जी आहे का जी शार्प?" आकड्यांत वाजवणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. जो आकार घर मानलाय तो १. बाकीचे त्याच्यापासून.

दोन सापळे सांगतो, दोन्हींत मी पडलोय. पहिला, स्केल चेंजर पेटी. या पेटीचा पडदा सरकवता येतो. पेटीवाले काका बोटं ठेवणार काळी एकवर आणि सूर येणार भलताच. म्हणून त्यांच्या बोटांकडं बघून पट्टी ठरवू नका, सा वाजवायला सांगा आणि तो आपल्या तारेवर शोधा. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणाचंही तेच. दुसरा, ट्यूनर. मोबाइलवरच्या ट्यूनरनं गिटार अगदी काटेकोर लावून जावं आणि जुनी पेटी पाव सूर वर निघावी, असं होतं. पेटीचे सूर हलत नाहीत, तारा हलतात. तेव्हा काकांना पांढरी सहा दाबून धरायला सांगा, पाचवी तार तिच्याशी जुळवा आणि बाकीच्या तारा त्या तारेवरून लावून घ्या.

वहीत कसं मांडायचं

एक खण म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, असं मी धरतो. कहरवा असेल तर आठ मात्रांना एक आकडा, दादरा असेल तर सहांना. खणांमध्ये उभी रेघ. मायनरला आकड्याला टेकून छोटी आडवी रेघ. नमुना म्हणून एक साधी मांडणी :

पट्टी : ______ ठेका : कहरवा
धृपद : १ | १ | ४ | १
६- | २- | (४ ५) | १

जीचे आकार धरले तर ही झाली जी, जी, सी, जी, मग ई मायनर, ए मायनर, अर्धं आवर्तन सी आणि अर्धं डी, शेवटी जी. डीचे धरले तर डी, डी, जी, डी, बी मायनर, ई मायनर, अर्धं जी अर्धं ए, आणि डी. वहीतलं एक अक्षरही बदललं नाही.

नॅशव्हिलवाले एका खणात दोन कॉर्ड असल्या की त्यांच्याखाली रेघ ओढतात. मी ती मुद्दाम टाळतो आणि कंस वापरतो. भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. एकदा माझी वही पेटीवाल्या काकांच्या हातात गेली, त्यांनी रेघ ओढलेले ४ आणि ५ बघून विचारलं, "कोमल मध्यम, कोमल पंचम? हा कुठला राग बाबा?" त्या दिवसापासून कंस. मायनरच्या रेघेचंही तसंच दुखणं आहे. भातखंड्यांच्या लिपीत स्वरापुढची रेघ म्हणजे तो स्वर लांबवा. म्हणून ती आकड्याला अगदी चिकटवून काढा, आणि वही दुसऱ्याला देणार असाल तर पहिल्या पानावर खुलासा लिहून ठेवा.

सेवन कॉर्डसाठी, म्हणजे तीन स्वरांना चौथा जोडलेल्या कॉर्डसाठी, आकड्याच्या डोक्यावर बारीक ७ काढतात. तो खरंच बारीक काढा. एका विद्यार्थ्यानं माझं लिखाण बघून "सर, सत्तावन्न नंबरची कॉर्ड कुठली?" असं विचारलं होतं. वाजवून थांबायची, घुमू द्यायची कॉर्ड असेल तर आकड्याभोवती चौकोन उभा तिरपा करून, पतंगासारखा काढतात. आणि तिरकी रेघ खर्जासाठी : ५/७ म्हणजे कॉर्ड ५ची, पण सगळ्यांत खालचा स्वर नी. १, ५/७, ६- असं वाजवलं की खर्जात सा, नी, ध अशी पायरी उतरत येते. जीच्या पट्टीत हे म्हणजे जी, एफ शार्पच्या खर्जावर डी, मग ई मायनर. सहाव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवून वाजवून बघा, कानाला लगेच कळेल.

गाण्यातून आकडे काढणं

तयार आकडे कुणी लिहून देत नाही, ते कानानं काढावे लागतात. आधी गुणगुणत घर शोधा. गाणं जिथं संपल्यासारखं वाटतं, श्वास सुटतो, तो सा. मग समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कोणता स्वर पडतोय तेवढाच पकडा. मधल्या हरकती-मुरक्यांच्या मागं धावू नका.

त्या स्वराला कोणत्या कॉर्ड चालतील याची यादी वरच्या तक्त्यातूनच निघते. समेवर सा असेल तर १, ४ किंवा ६-. रे असेल तर ५ किंवा २-. ग असेल तर १, ६- किंवा ३-. म ला ४ किंवा २-. प ला १, ५ किंवा ३-. ध ला ४, २- किंवा ६-. नी ला ५ किंवा ३-. म्हणजे दर समेला दोन-तीनच पर्याय, सात नाहीत.

समजा चार आवर्तनांच्या समा ग, म, रे, सा अशा आहेत. सरळ उत्तर : १, ४, ५, १. पण ग ला ६- आणि म ला २- घातली तर ६-, २-, ५, १ होतं. स्वर तेच, चूक कुठंच नाही, पण पहिली मांडणी मोकळ्या अंगणासारखी आणि दुसरी दिवेलागणीची. कुठली घ्यायची हे शब्दांना विचारा. शंका आली तर १, ४, ५ वर राहा. साथीला बसलेल्या गिटारवाल्याला जास्त कॉर्ड घालायची खाज असते, ती माझ्यात पंधरा वर्षं होती.

रोज एक गाणं घ्या, गिटारला हात न लावता. बसमधून बेळगावला येता-जाता कानात गाणं लावायचं आणि मांडीवर बोटांनी आकडा दाखवत जायचं. शेजारचा माणूस एकदा विचित्र बघेल, मग खिडकीतून बाहेर बघायला लागेल.

कोमल स्वर आले की

इथपर्यंत सगळं शुद्ध स्वरांत होतं. आपली निम्मी गाणी तशी नाहीत. वहीत मी कोमलसाठी आकड्याआधी 'को' लिहितो. खमाज अंगाचं गाणं असेल, म्हणजे नी कोमल, तर १ आणि ४च्या जोडीला को७ येते. जीचे आकार धरले असतील तर ती एफ, डीचे धरले असतील तर सी. या एका कॉर्डनं गाण्याचा रंग बदलतो, आणि ५ वाजवायचा मोह आवरावा लागतो, कारण ५मध्ये शुद्ध नी आहे.

ग, ध, नी तिन्ही कोमल असले, आसावरी थाटासारखे, तर घरच मायनर. एचे आकार धरून : १- ए मायनर, को३ सी, ४- डी मायनर, ५- ई मायनर, को६ एफ, को७ जी. काफीत ध शुद्ध असतो, त्यामुळं ४ मेजर होते, डी मायनरऐवजी डी. हा एक फरक कानाला लागला की काफी आणि आसावरी गिटारवर वेगळे दिसू लागतात. भैरवीत रे सुद्धा कोमल : १-, को२, को३, ४-, को६, आणि को७-. ५ तिथं टाळलेलीच बरी.

मायनर गाणी लिहायची दुसरीही रीत आहे. बरेच गिटारवाले ए मायनरचं गाणं सीच्या पट्टीत धरून घराला ६- लिहितात, मग सी होते १. तयार मांडण्या बऱ्याचदा तशा मिळतात, म्हणून वाचता आली पाहिजे. पण पेटीशेजारी बसणार असाल तर १-च लिहा. काका सा म्हणतील ते तुमचं घर आणि तुमच्या वहीत तिथं सहा, असा संसार फार काळ टिकत नाही.

आणि जिथं आकड्यांचं काही चालत नाही ती जागाही माहीत हवी. भूप रागात म आणि नी नाहीत. ४ वाजवली की म घुसला, ५ वाजवली की नी. पूर्णपणे भूपात बसणाऱ्या कॉर्ड दोनच, १ आणि ६-. पाचवी हवीच असेल तर मधला स्वर गाळून नुसते प आणि रे वाजवा. या भागात कान तिखट आहेत. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, आणि इथल्या मैफलींत पुढच्या रांगेत बसणारे आजोबा परका मध्यम ऐकून घेत नाहीत. रागदारीच्या जवळ जाणारं काही सुरू झालं की मी सा-पच्या दोन तारा छेडत राहतो आणि पुष्कळदा गिटार मांडीवर आडवीच ठेवतो.

कॅपोशिवाय

गाणं चालू असताना पट्टी बदलली तर कॅपो हलवायला वेळ नसतो. शेवटचं कडवं अर्धा सूर चढवून गाणारे गायक आहेत, आणि ते आधी सांगत नाहीत. त्यासाठी गिटारच्या गळ्यावरचा नकाशा डोक्यात हवा. १चा मूळ स्वर सहाव्या तारेवर असेल तर ४ त्याच फ्रेटवर पाचव्या तारेला, ५ तिथून दोन फ्रेट पुढं. २- सहाव्या तारेवरच दोन फ्रेट पुढं, ६- तीन फ्रेट मागं, आणि ३- पाचव्या तारेवर एक फ्रेट मागं. जी घेऊन तपासा : सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, सी पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर, डी पाचव्यावर, ए मायनर सहाव्या तारेच्या पाचव्यावर, ई मायनर उघड्या तारेवर, बी मायनर पाचव्या तारेच्या दुसऱ्यावर. १ पाचव्या तारेवर असेल तर ५ त्याच फ्रेटवर सहाव्या तारेला आणि ४ तिथून दोन फ्रेट मागं. हे दोन नकाशे बार कॉर्डच्या आकारांनी वाजवता आले की पट्टी चढली तर अख्खा हात एक फ्रेट सरकतो, बास.

हाताच्या खुणा

आमच्या ग्रुपमध्ये बेस वाजवणारा कन्नड, कीबोर्डवाला चोर्ल्याच्या घाटातून गोव्याहून येतो, ढोलकीवाला शहापूरचा. मंचावर आवाजात काही ऐकू येत नाही. मी डाव्या हातानं गिटार धरून उजव्या हाताची बोटं दाखवतो : चार बोटं, ४. पाच बोटं, ५. बोटं खाली वळवली की मायनर. सहाला अंगठा आणि करंगळी. खूण समेच्या आधी निदान दोन मात्रा गेली पाहिजे, समेवर गेली तर ती कुणाच्याच कामाची नाही. आणि खुणा कार्यक्रमाआधी चहाला बसल्यावर एकदा ठरवून घ्या, कारण गोव्याच्या पोराची मायनरची खूण वेगळी निघाली होती आणि दोन गाणी आम्ही एकमेकांना उलट सांगत होतो.

वहीत पट्टीची जागा मी पेन्सिलीनं भरतो, बाकी सगळं पेननं. गेल्या गणपतीत त्याच बुवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता काळी चार नको रे, घसा चढत नाही. पांढरी चार घे." मी खोडरबरानं 'काळी' पुसून 'पांढरी' लिहिलं, कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकवला आणि डीचा आकार धरला.